साडी रात्री कुठे झोपते? – सियागंजातल्या टॅक्सवाल्या काकांकडचं सव्वा वर्ष

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते येईलच.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा आहे ते कळेल. मी इंदूरला रामबागेत राहते. २०२१पासून माहेश्वरी साड्या, ओढण्या आणि उरलेल्या कापडाचे बटवे ऑनलाइन विकते. साड्या महेश्वरच्या दोन विणकर घरांकडून येतात, बटवे आमच्या गल्लीतल्या तिघी शिवतात. विक्रीची दारं तीन. एक मोठी देशी साइट, एक माझी स्वतःची छोटी वेबसाइट (भाच्याने करून दिलेली) आणि तिसरी एट्सी, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी. वर्षाची उलाढाल बारा-तेरा लाख. म्हणजे दुकान म्हणावं तर लहान, छंद म्हणावा तर घरातले म्हणतात आता पुरे.

काकांचं ऑफिस सियागंजात, एका हिंग-मसाल्याच्या ठोक दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. पाटी नाही. नाव-नंबर इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच हात जोडून सांगितलं, "ताई, मार्च संपेपर्यंत नवीन कोणी पाठवू नका." जिना इतका उभा आहे की दुसऱ्या मजल्यावर थांबून लवंग-दालचिनीच्या वासात दम खावा लागतो. काका पासष्टीच्या पुढचे. विक्रीकर, मग व्हॅट, मग जीएसटी, अशी तिन्ही राज्यं पाहिलेले. तरुणपणी मोती बंगल्यासमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे म्हणे. मध्य प्रदेशच्या वाणिज्यिक कर विभागाचं मुख्यालय भोपाळला नाही, आपल्या इंदूरलाच एमजी रोडवर मोती बंगल्यात आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. चाळीस वर्षं इथे राहून!

त्यांच्याआधी माझं जीएसटीचं काम एक ऑनलाइन पॅकेज करत होतं. महिना ४९९ रुपये, सगळं ॲपवर. त्याचंही नाव घेत नाही. ४९९मध्ये काय मिळत होतं ते पुढे कळेल.

मी काकांकडे गेले ते वेगळ्याच कामाने. ऑक्टोबर २०२४, दसरा झालेला, दिवाळी तोंडावर. देशी साइटच्या माणसाचा रोज फोन, मॅडम तुमच्या साड्या आमच्या भिवंडीच्या गोदामात ठेवा, मुंबई-पुण्याला दुसऱ्या दिवशी पोचतील, यादीत वर दिसाल, विक्री दुप्पट. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. साठ साड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मिस्टरांच्या मित्राने म्हटलं, एकदा विचारून घ्या, तिथे टॅक्सचं काहीतरी असतं.

काकांनी ना पॅन मागितलं, ना लॉगिन. चहा मागवला, कट. मग विचारलं, "ताई, तुमची साडी रात्री कुठे झोपते?"

मला वाटलं, म्हातारबुवा मस्करी करून राहिले. म्हटलं, माझ्या मागच्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात.

"म्हणजे २३मध्ये. आणि भिवंडीला झोपली की २७मध्ये. तिला तिथे झोपवायची तर तुम्हाला महाराष्ट्राचा वेगळा नंबर घ्यावा लागेल."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएसटी नंबराचे पहिले दोन अंक राज्याचे. मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. मी इंदुरात बसून पुण्याच्या बाईला साडी पाठवली, तर माझा २३चा नंबर पुरतो. फक्त कर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) म्हणून लागतो आणि पुढे त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला जातो. पण विकायच्या आधीच साडी महाराष्ट्रातल्या गोदामात पडून असेल, तर माझा धंदा महाराष्ट्रातूनही चालतो असं कायदा धरतो. तिथे नोंदणी, तिथली वेगळी विवरणं, आणि साइटचं गोदाम माझ्या नोंदणीत धंद्याची जागा म्हणून दाखवायचं. गोदाम मध्य प्रदेशातलंच असतं तर माझ्या २३च्या नंबरात जास्तीची जागा म्हणून जोडून भागलं असतं.

पुढची गोष्ट मला पचायला दोन चहा लागले. इंदूरची मी आणि भिवंडीची मी, कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती. म्हणजे मी माझ्या साड्या मलाच पाठवणार, त्याचं बिल मी मलाच फाडणार, आणि त्यावर कर भरणार. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडले. साठ साड्या, सरासरी साडेतीन हजार, दोन लाख दहा हजारांचा माल. पाच टक्क्यांनी साडेदहा हजार आयजीएसटी इकडून. तेवढीच क्रेडिट (भरलेल्या कराची पुढे मिळणारी वजावट) तिकडच्या नंबरावर जमा, म्हणजे पैसा बुडाला नाही. पण तो तिकडे अडकला. महाराष्ट्राच्या वहीतली क्रेडिट मध्य प्रदेशच्या वहीत ओढता येत नाही. माल पन्नास हजारांच्या वर, म्हणून ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना. त्यातल्या वीस साड्या नाही खपल्या आणि परत आणायच्या ठरल्या, तर भिवंडीच्या मी इंदूरच्या मला उलट बिल फाडायचं. आणि विवरणं डबल, म्हणून काकांची फीही डबल, ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

"गाडी भरून माल जातो त्याला हे परवडतं. तुमचं कपाटच एक आहे," काका म्हणाले.

मी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. साठ साड्या परत कपाटात. त्या दिवाळीत त्यातल्या एकोणपन्नास इंदुरातूनच गेल्या, जरा उशिरा पोचल्या इतकंच. या एका सल्ल्याचे काकांनी पैसे घेतले नाहीत. चहाचे मी दिले.

इथे थांबले असते तर पाच तारे दिले असते आणि चार ओळीत संपवलं असतं. पण निघताना त्यांनी विचारलं, साडी झोपते कुठे ते कळलं, उतरते कुठे ते कोण बघतं? मी म्हटलं, ॲप बघतं. "दाखवा बरं ॲप."

आणि मग निघाला ४९९चा हिशोब.

देशी साइटवरची विक्री ठीक होती, कारण साइट स्वतःच राज्यवार यादी देते आणि ॲप ती जशीच्या तशी उचलत होतं. घोळ माझ्या स्वतःच्या वेबसाइटचा. तिथल्या प्रत्येक विक्रीला ॲपने माल उतरण्याचं ठिकाण म्हणून २३ लावून टाकलं होतं. साडी बंगळुरूला गेली तरी २३, नाशिकला गेली तरी २३. म्हणजे जिथे आयजीएसटी भरायचा तिथे अर्धा केंद्राचा सीजीएसटी आणि अर्धा मध्य प्रदेशचा एसजीएसटी भरून मोकळे. ऑक्टोबर २०२३पासूनचा पत्ता तपासला. राज्याबाहेरच्या १,८६,४०० रुपयांच्या विक्रीवर ९,३२० रुपये कर चुकीच्या खात्यात गेलेला. भरला मी पूर्ण, पण चुकीच्या दारात.

मला वाटलं, सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकतील. तसं होत नाही. बरोबर खात्यात नव्याने भरायचं आणि चुकीच्या खात्यातलं परत मागायचं. एक दिलासा होता. अशा चुकीवर व्याज लागत नाही, कायद्यातच तसं कलम आहे, आणि परताव्याचा अर्ज बरोबर खात्यात भरल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येतो. एक टांगती तलवारही होती. आधीच्या आर्थिक वर्षाची विवरणं ३० नोव्हेंबरपर्यंतच दुरुस्त करता येतात. माझी अर्धी चूक मार्च २०२४च्या आधीची होती. दिवाळी ३१ तारखेला, आणि ऑक्टोबरचं विवरण ११ नोव्हेंबरला जायला हवं.

घरात चकलीचा घाणा आणि टेबलावर पत्त्यांची यादी. काकांची भाची, सीए करतेय, ती काकांकडेच आर्टिकलशिपच्या पुढचं शिकते असं म्हणते, ती आणि मी फोनवर एकेक ऑर्डर वाचत होतो. ती विचारायची, "पिन कोड?" मी सांगायची. तिकडून टिक. मध्येच माझी सासू विचारायची, कुणाचं लग्न आहे गं, इतकी निमंत्रणं?

त्यातच एक मजेदार ऑर्डर निघाली. पुण्याच्या बाईंनी पैसे भरले, बिलावर पत्ता त्यांचा कोथरूडचा, पण साडी पाठवली त्यांच्या आईला, इथेच, लोकमान्य नगरात. मी म्हटलं, पुणे, २७. भाची म्हणाली, नाही मावशी, २३. गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर नसेल आणि बिलाचा पत्ता एक, पोचवायचा पत्ता दुसरा असेल, तर जिथे माल पोचतो ते राज्य धरायचं. जून २०२४मध्ये केंद्राने परिपत्रक काढून हे स्पष्ट केलंय. म्हणजे शंभर चुकांच्या त्या ढिगात ॲपने ही एक ऑर्डर बरोबर लावली होती, तीही चुकून! भेट म्हणून पाठवलेल्या साड्या माझ्याकडे बऱ्याच असतात, मुली पुण्या-बंगळुरूला आणि आया इंदुरात. तेव्हापासून वेबसाइटवर भाच्याकडून पोचवायचा पत्ता बिलावर छापून घेते.

आयजीएसटी भरला, परताव्याचा अर्ज जानेवारीत गेला. ९,३२० रुपये खात्यात आले ते रंगपंचमीच्या गेरच्या (मिरवणुकीच्या) दुसऱ्या दिवशी. केसांतला गुलाल अजून निघाला नव्हता. कामाचे काकांनी तीन हजार घेतले. कुणी म्हणेल, नऊ हजारांसाठी तीन हजार? माझं म्हणणं, ती चूक तीन वर्षांनी नोटिशीतून कळली असती तर काय आकडा असता ते बघा.

आणखी एक, हे मात्र निव्वळ फायद्याचं. साइट आपल्या विक्रीतून थोडा कर कापून सरकारला भरते, त्याला टीसीएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०१८पासून एक टक्का होता, १० जुलै २०२४पासून अर्धा टक्का केला. हा पैसा आपलाच असतो. पण तो आपल्या वहीत आपोआप येत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर आत जाऊन प्रत्येक महिन्याची रक्कम बघून "मान्य" म्हणावं लागतं, मग ती रोखीच्या खात्यात जमा होते. पॅकेजवाल्यांनी हे बटण एकदाही दाबलं नव्हतं. सात हजार नऊशे आठ रुपये नुसते दाराशी उभे. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, दाबलं, म्हणाले, "घ्या, पाडव्याची ओवाळणी." तुम्ही ऑनलाइन विकत असाल तर हा रिव्ह्यू इथे सोडा आणि आधी ते पान बघून या. खरंच.

जानेवारी २०२५पासून त्यांनी मला तिमाही पद्धतीत घातलं. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा नुसता कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा, विवरण तीन महिन्यांनी. यातही राज्य आडवं येतंच. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरातवाल्यांना तिमाही विवरणाची शेवटची तारीख २२, दिल्ली-राजस्थान-उत्तर प्रदेशवाल्यांना २४. माझी जयपूरची मैत्रीण मला निवांत बसलेली दिसली की मी घाबरायचे, आता घाबरत नाही.

काकांचा स्वभाव सांगायचा तर, त्यांना जुन्या गोष्टींचा फार सोस. एका कागदासाठी गेलात तर अर्धा तास धरून चला. सी फॉर्मसाठी परराज्यातल्या व्यापाऱ्यामागे किती फेऱ्या, फॉर्म ४९ नसला की माल कसा अडायचा, सेंधव्याला बिजासनच्या नाक्यावर ट्रकांची रांग घाटापर्यंत कशी जायची. पहिल्यांदा कंटाळा आला. मग लक्षात आलं की हा माणूस "राज्य ओलांडणं" ही गोष्ट डोळ्यांनी बघून बसलाय. आम्हाला ती दिसतच नाही. आम्ही बटण दाबतो, कुरिअरचा मुलगा दारातून पार्सल नेतो, झालं. नाके १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर उठले, पण नाका कागदात गेला. त्यांना तो कागदातही दिसतो. पॅकेजला दिसत नव्हता.

आमच्या शेजारच्या काकूंचंही त्यांनी असंच फुकटात करून दिलं. काकू जिरावण मसाला, शेव आणि उडदाचे पापड करतात. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की साइटवर विकायचं तर जीएसटी नंबर पहिल्या रुपयापासून लागतो, म्हणून गप्प बसल्या होत्या. आधी खरंच तसं होतं. १ ऑक्टोबर २०२३पासून नियम सैल केला. तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल (मालासाठी आपल्याकडे ४० लाख), तर साइटवर नंबराशिवाय विकता येतं, पोर्टलवर पॅनवरून एक नावनोंदणी तेवढी करायची. पण अट कडक. एकाच राज्यातून, आणि त्याच राज्यात. काकांच्या भाषेत, "इंदूर ते भोपाळ चालेल, इंदूर ते धुळे नाही." काकूंचा भाऊ नेमका धुळ्याला असतो. त्याला आता शेव फुकटच जाते, एसटीने.

२०२५च्या सप्टेंबरात दर बदलले तेव्हाचं थोडक्यात. साडीला पाच टक्के होते, पाचच राहिले. पण मी माहेश्वरी कापडाची जॅकेटं शिवून घेते, ती २,८०० रुपयांची. शिवलेल्या कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५पासून नगामागे अडीच हजारांपर्यंत पाच टक्के, त्याच्या वर अठरा. २,८००वर अठरा टक्के म्हणजे गिऱ्हाइकाला ३,३०४. किंमत २,४९० केली तर पाच टक्क्यांनी २,६१५च्या आत. काका म्हणाले, विचार तुमचा, मी शिंपी नाही. मी अस्तर हलकं केलं, एक खिसा कमी केला. खिसा कमी केल्याची एकीने तक्रार केलीय.

आता अमेरिका. इथे काकांनी सरळ सांगितलं, हे माझं शेत नाही. हे मला आवडलं, कारण पॅकेजवाले "ग्लोबल कंप्लायन्स"ही विकत होते, दीड हजार जादा घेऊन.

झालं असं, आम्हा विकणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आला की अमेरिकेत विकणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या ४५ राज्यांत नोंदणी करावी लागणार, नाहीतर दंड डॉलरमध्ये. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी सियागंज. भाचीने वाचलं आणि हसली. तिने जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं.

तिकडे आपल्यासारखा देशभराचा एक जीएसटी नाहीच. विक्रीकर राज्याराज्यांचा. ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी तो लावतात. अलास्का, डेलावेर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ऑरेगन ही पाच लावत नाहीत, तरी अलास्कात गावं आपापला लावू शकतात. पूर्वी नियम असा की ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम, माणूस काहीच नाही, ते राज्य तुम्हाला कर गोळा करून दे म्हणू शकत नाही. १९९२चा क्विल खटल्याचा निकाल होता तसा. मग साउथ डकोटाने कायदा केला. त्या राज्यात आयकर नाही, विक्रीकरावरच घर चालतं, आणि लोक सगळं ऑनलाइन मागवू लागलेले. वेफेअर या फर्निचर विकणाऱ्या कंपनीशी खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि २१ जून २०१८ला पाच विरुद्ध चार मतांनी राज्य जिंकलं. तेव्हापासून तिथे पाऊल न ठेवताही, नुसत्या विक्रीवरून जबाबदारी येऊ शकते.

इथपर्यंत फॉरवर्डवाला बरोबर. पण त्याने पुढचं पान वाचलंच नव्हतं. प्रत्येक राज्याचा उंबरठा आहे. साउथ डकोटाचा वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार असा होता, त्यातली २०० व्यवहारांची अट त्यांनी जुलै २०२३पासून काढली. कॅलिफोर्निया आणि टेक्सासचा पाच लाख डॉलर. माझ्या स्वतःच्या वेबसाइटवरून वर्षभरात अमेरिकेत गेली तेवीस पार्सलं, सगळ्या राज्यांची मिळून साधारण तीन हजार चारशे डॉलर. "मावशी, तुम्ही उंबरठ्याजवळ नाही, तुम्ही अजून गल्लीच्या तोंडाशी आहात." फक्त एक कानात सांगितलं, काही राज्यं अजून २०० व्यवहार मोजतात, म्हणून बटवे सुटे सुटे फार खपायला लागले तर मोजत जा.

आणि एट्सीवर? तिथे गिऱ्हाइकाकडून विक्रीकर एट्सीच घेते आणि एट्सीच राज्याला भरते. विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांनी आता बाजारपेठ चालवणाऱ्यावर ही जबाबदारी टाकलीय, मिसुरीने सगळ्यांत शेवटी, २०२३च्या जानेवारीपासून. तो पैसा माझ्या हातात येत नाही, माझ्या बिलात नाही, माझ्या उत्पन्नात नाही.

मग मला एक जुनं कोडं उलगडलं. माझी आतेबहीण न्यू जर्सीला, तिची मैत्रीण फ्रीमाँटला. दोघींनी एट्सीवरून एकसारखी ओढणी घेतली. कॅलिफोर्नियावालीला कर लागला, न्यू जर्सीवालीला शून्य. दोघी माझ्याशी भांडल्या, म्हणजे फ्रीमाँटवाली भांडली. कारण न्यू जर्सीत अंगावर घालायच्या कपड्यांवर विक्रीकरच नाही. कॅलिफोर्नियात किमान सव्वासात टक्के, वर गावाचा असेल तो. पण आतेबहिणीने पुढे बटवा घेतला त्यावर मात्र ६.६२५ टक्के लागले, कारण बटवा हा कपडा नाही, पर्स. साडी नेसली की माफ, बटवा कमरेला खोचला की कर! आतेबहीण म्हणाली, साडीलाच खिसा शिवून पाठव.

तिनेच नंतर एक प्रस्ताव दिला. २०२५च्या २९ ऑगस्टपासून अमेरिकेने आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची माफी बंद केली, तेव्हापासून तेवीसचे पाच झालेत. ही म्हणाली, एकदाच पेटी पाठव, वीस साड्या माझ्या गराजमध्ये ठेवते, इथूनच कुरिअर करते. कल्पना छान होती. मी खूश. काकांना फोन केला तर तिकडून आवाज आला, "मग त्या रात्री कुठे झोपणार?"

न्यू जर्सीत. माल तिथे पडून असला की उंबरठा वगैरे काही नाही, पहिल्या साडीपासून त्या राज्याशी नातं जुळतं. साडीवर तिथे कर नसला तरी बटव्यावर आहे, आणि नोंदणीचा प्रश्न येतोच. पुढे काय ते काकांनी सांगितलं नाही. म्हणाले, तिथल्या सीपीएला (म्हणजे तिकडच्या सीएला) विचारल्याशिवाय पेटी हलवू नका. आतेबहीण विचारून सांगणार आहे. गराजमध्ये सध्या तिच्या नवऱ्याची कॅरमची पाटी आहे, ती राहू दे.

हां, तारा का कापला. निर्यातीसाठी कर न भरता माल पाठवायचा तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी नावाचं हमीपत्र नव्याने द्यावं लागतं. गेल्या मार्चात काका ते विसरले. विसरलेच. ३० मार्चच्या रात्री मला आठवलं, मी फोन केला, उचलला नाही, कारण त्या आठवड्यात त्यांचा फोन कोणीच उचलत नाही. शेवटी भाचीने रात्री साडेअकराला करून दिलं. काका दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, झालं नं?" झालं, पण माझ्यामुळे.

बाकी बारीकसारीक. ईमेल बघत नाहीत. उत्तर व्हॉट्सॲपवर बोलून देतात, चार-चार मिनिटं, आणि मागे हमाल ओरडत असतात, "हटो भिया, हटो," त्यामुळे नेमका आकडा ऐकू येत नाही. दुपारी दीड ते चार कुलूप. रोख पावती मागितली तर देतात, पण मागावी लागते, आणि ती त्यांच्या धंद्यातल्या माणसाने न मागता द्यायला हवी. फी महिना बाराशे, म्हणजे ॲपच्या जवळजवळ अडीचपट. गुडघे दुखत असतील तर भाची खाली मसाल्याच्या दुकानात येऊन कागद घेते, आधी कळवलं पाहिजे.

तिमाही संपल्यावरच्या महिन्यात २० ते २२ तारखेला जाऊ नका, खुर्ची मिळत नाही. सकाळी साडेअकरा बरी वेळ. बिलांची यादी पिन कोडसकट छापून न्या, कारण पहिला प्रश्न तुम्हाला आता माहीत आहे, दुसरा पिन कोडच असतो.